ग्रीस निघेल, कातडी राहील!

बाइकची चेन बसवली, वर्कशॉपचं प्रॅक्टिकल संपलं किंवा बाहाच्या गाडीखालून बाहेर आलात, की हात बघा स्वतःचे! नेहमीचा साबण तीनदा लावला तरी नखांच्या कडा काळ्याच. मग गॅरेजवाला दादा पेट्रोलचा बोळा पुढे करतो. ग्रीस जातं, पण सोबत कातडीचं स्वतःचं तेलही जातं. रोज असं केलं की हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज सुटते.

गंमत म्हणजे, बहुतेक ग्रीसमध्येही साबणच असतो. लिथियमचा. पाण्यात न विरघळणारा हा साबण तेलाला घट्ट धरून ठेवतो. म्हणून नुसत्या पाण्याने काही होत नाही. त्याला हवं तेल, फेस आणि घासणं. हे सगळं देणारी वडी घरी करता येते.

५०० ग्रॅम शुद्ध खोबरेल (सुवासिक केशतेल नको), ८५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, १७० ग्रॅम पाणी आणि दोन-तीन चमचे प्युमिसची बारीक पूड. प्युमिस मिळालं नाही तर बारीक रवा चालेल. वाळू नको, ओरखडे उठतात. चमचा-वाटीचं माप इथे चालत नाही, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवाच. आणि कॉस्टिक सोडा म्हणजे धुण्याचा सोडा नव्हे.

आता नीट वाचा. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, डोळा कायमचा घालवू शकतो. रबरी हातमोजे, गॉगल, उघडी खिडकी, आणि धाकटी भावंडं स्वयंपाकघराबाहेर. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमशी त्याचं अजिबात जमत नाही, हायड्रोजन सुटतो. अंगावर उडालाच तर नळाखाली भरपूर पाणी सोडा, व्हिनेगर शोधत बसू नका. डोळ्यात गेला तर धूत धूतच डॉक्टरांकडे.

पाणी आपोआप चांगलंच तापतं. ते आणि पातळ केलेलं तेल दोन्ही साधारण ४० अंशांवर आले की एकत्र करा. पातळ पिठल्याइतकं दाट होईपर्यंत ढवळा (हँड ब्लेंडर असेल तर हात वाचतील, पण तो पुन्हा ताकाला वापरायचा नाही), मग पूड मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओता. खोबरेलचा साबण पटकन कडक होतो, म्हणून वड्या त्याच दिवशी पाडा, हातमोजे घालूनच. नंतर चार आठवडे हवेशीर जागी ठेवा. तेल मुद्दाम थोडं जास्त घेतलंय, तेच कातडी सांभाळतं.

वापरताना हात आधी ओले करू नका. कोरड्या हातांवर अर्धा चमचा खोबरेल चोळा, काळं सुटू लागलं की कापडाने पुसा आणि मग साबण लावा. नखांसाठी जुना टूथब्रश.