वारीची चाल आणि वयाचा हिशेब

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान होते. आदल्या दिवशी, सप्तमीला, तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघालेली असते. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या लाखो वारकऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची संख्या मोठी असते. त्यांत दोन प्रकारचे लोक दिसतात. एक, आयुष्यभर शेतात राबलेले आणि वर्षानुवर्षे वारीचा नेम सांभाळणारे. दुसरे, शहरातून निवृत्त होऊन पहिल्यांदाच दिंडीत नाव घातलेले. पहिल्यांना आपली चाल ठाऊक असते. दुसऱ्यांना ती वाटेत सापडते आणि अनेकदा ती सापडेपर्यंत उशीर झालेला असतो. वयस्कर माणसाची वारी बहुधा श्रद्धा किंवा ताकद कमी पडल्यामुळे अर्धवट सुटत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत शक्तीचा खर्च वाजवीपेक्षा जास्त झाल्यामुळे ती सुटते.

अंतराची मांडणी

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटरचे आहे. मुक्कामांसह या प्रवासाला अठरा-एकोणीस दिवस लागतात. सरसकट भागाकार केला, तर रोजची चाल तेरा-चौदा किलोमीटरची भरते आणि ती कोणालाही झेपण्याजोगी वाटते. प्रत्यक्षात मात्र अंतराची वाटणी समान नाही. आळंदी ते पुणे हा टप्पा सुमारे २९ किलोमीटरचा आणि पुणे ते सासवड हा सुमारे ३२ किलोमीटरचा. म्हणजे चालीच्या पहिल्या दोनच दिवसांत एकूण अंतराचा जवळजवळ चौथा हिस्सा संपतो. त्यातला दुसरा टप्पा दिवे घाटाच्या चढाचा. शिवाय तिथीच्या हिशेबाने हा दिवस सहसा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. सर्वांत लांब चाल, घाटाचा चढ आणि उपवास हे तिन्ही एकाच दिवशी वाट्याला येतात.

सासवडनंतरचे टप्पे सौम्य होतात. जेजुरी सुमारे १६, तेथून वाल्हे १२ आणि वाल्ह्याहून लोणंद २० किलोमीटरवर. लोणंद ते तरडगाव तर जेमतेम आठ किलोमीटर. तिथींच्या वृद्धी-क्षयानुसार मुक्कामांत थोडा फरक पडतो, पण क्रम हाच राहतो. तरडगाव सोडले की वारीचे स्वरूप पुन्हा बदलते. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे सहा टप्पे प्रत्येकी १८ ते २१ किलोमीटरचे असून त्यांत पूर्ण विश्रांतीचा दिवस क्वचितच लाभतो. शेवटी भंडीशेगाव ते वाखरी सुमारे दहा आणि वाखरी ते पंढरपूर पाच किलोमीटर राहतात.

या मांडणीत वयस्कर वाटसरूसाठी दोन अवघड जागा आहेत. पहिली सासवडपर्यंतची. तेथे उत्साह भरपूर असतो, पण शरीर अजून रुळलेले नसते. दुसरी तरडगावनंतरची. तेथे शरीर रुळलेले असते, पण दिवसागणिक साठत गेलेला थकवा लक्षात येत नाही.

वय नेमके काय बदलते

तिशीनंतर दर दशकात शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारणपणे दहा टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट कमी असते, पण ती टळत नाही. या हिशेबाने सत्तरीतील माणसाकडे तिशीतील क्षमतेच्या सुमारे दोन-तृतीयांश क्षमता उरते. ज्या गतीसाठी तरुणपणी क्षमतेचा चाळीस टक्के भाग खर्च होत असे, त्याच गतीसाठी आता साठ टक्के खर्च होतो. दिंडीत शेजारून चालणारा तरुण आणि ज्येष्ठ यांची गती एकच असली, तरी दोघांचे श्रम सारखे नसतात.

दुसरा बदल झीज भरून निघण्याच्या वेगातला. सवय नसलेल्या श्रमानंतर स्नायूंचे दुखणे लगेच कळत नाही. ते साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि वाढत्या वयात ओसरायलाही अधिक वेळ घेते. आळंदीहून पुण्यात झपाट्याने आलेल्या माणसाला त्या संध्याकाळी आपण काहीच न होता पोहोचलो असे वाटते. खरा हिशेब एक दिवसाआड, नेमका दिवे घाटाच्या दिवशी मांडला जातो.

तिसरा बदल तहानेचा. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते. पाण्याची गरज असूनही घशाला कोरड पडत नाही. आषाढाच्या तोंडावर आभाळ भरलेले असले, तरी हवेतील दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि शरीर तापत राहते. दुसरीकडे, घामावाटे गेलेले मीठ भरून न काढता नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील क्षारांचे प्रमाण घसरते आणि चक्कर, मळमळ, गोंधळलेपण सुरू होते. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. त्याच्या जोडीला अधूनमधून मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे त्याचे रूढ प्रमाण आहे. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घेणे आवश्यक आहे.

चाल कशी ठरवावी

योग्य गती ओळखण्यासाठी घड्याळाची गरज नाही. त्याचे साधन वारीतच आहे. चालता चालता टाळाच्या ठेक्यावर सलग नाम घेता येत असेल, तर गती बरोबर आहे. नाम तुटू लागले, पण शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर ती घाटापुरती चालण्याजोगी आहे. वाक्यही अर्ध्यावर तुटू लागले, की थांबावे.

विश्रांती दमल्यावर घेण्यापेक्षा दमण्याआधी घेतलेली अधिक उपयोगी पडते. ताशी चार किलोमीटरच्या गतीने पन्नास मिनिटे चालून दहा मिनिटे बसायचे ठरवले, तर सासवडचे ३२ किलोमीटर साधारण साडेनऊ तासांत पार पडतात. भोजन आणि दुपारच्या विसाव्याचे दोन तास धरले, तरी पहाटे पाचला निघालेला माणूस सायंकाळी साडेचारच्या सुमारास मुक्कामी पोहोचतो. गर्दीमुळे त्यात एखाद्या तासाची भर पडेल. पालखी सासवडला पोहोचेपर्यंत सहसा अंधार पडतो. तेव्हा विश्रांती घेतल्याने आपण मागे पडू, ही भीती आकड्यांत टिकत नाही.

दिंडीच्या रांगेत चालण्याचे सुख वेगळेच असते, पण वयस्कर माणसाला ती चाल कधी कधी जड जाते. गर्दीत मध्येच थांबावे लागते, ताटकळत उभे राहावे लागते आणि पुढे वाट मोकळी झाली की अंतर भरून काढण्यासाठी पावले घाईने टाकावी लागतात. अशा तुटक चालीत सलग चालण्यापेक्षा अधिक शक्ती जाते. म्हणूनच अनेक जुने वारकरी पहाटे पालखीच्या आधी वाट धरतात, उन्हाच्या आत निम्मे अंतर कापतात आणि विसाव्याच्या ठिकाणी सावलीत दिंडीची वाट पाहतात. दिंडी आली की तासभर रांगेत चालून पुन्हा आपल्या चालीने निघतात. मात्र अशा वेळी विणेकऱ्याला किंवा दिंडीप्रमुखाला सांगून निघावे, एकट्याने जाऊ नये आणि खिशात दिंडीचा क्रमांक, घरचा दूरध्वनी व चालू औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

पुणे आणि सासवड येथील मुक्कामाचे दिवस हे चालीचाच भाग मानले पाहिजेत. पुण्यात आलेले अनेक ज्येष्ठ तो दिवस मंदिरे पाहण्यात आणि नातेवाइकांकडे जाण्यात घालवतात. संध्याकाळपर्यंत आठ-दहा किलोमीटर पायांखालून जातात आणि विश्रांतीचा दिवस हिशेबातून वजा होतो. त्या दिवशी पाय उंचावर ठेवून पडावे, तळवे धुऊन कोरडे करावेत आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट पाहावेत. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. फोड आल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी अनवाणी चालण्याचा आग्रह धरू नये. पादत्राणे निदान महिनाभर वापरून मऊ झालेली असावीत, कारण नवा जोड वारीत पहिल्याच दिवशी फोड आणतो. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले. त्यानंतर वाट प्रशस्त होत गेली, पण रुंद महामार्गावर झाडांची सावली दुर्मीळ होते आणि कठीण पृष्ठभाग गुडघ्यांना जाणवतो. जेथे सोय असेल तेथे कडेच्या मातीवरून चालणे सुखाचे ठरते.

उपवासाचा प्रश्न नाजूक आहे. मधुमेहावरील गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने एकादशीला निराहार राहून ३२ किलोमीटर चालल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषधांच्या वेळा आणि प्रमाण यांचा विचार निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी करून ठेवावा आणि गूळ, खजूर किंवा साखर जवळ बाळगावी. छातीत दाब जाणवणे, श्वास न पुरणे, बोलण्यात विसंगती येणे किंवा अंग तापलेले असूनही घाम थांबणे ही लक्षणे दिसताच चाल तेथेच थांबवावी. वाटेवर शासनाची आणि सेवाभावी संस्थांची आरोग्य पथके असतात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

तयारी किती आधीपासून

उद्यानात रोज चार किलोमीटर फिरणे चांगलेच, पण ते वारीच्या तयारीला पुरेसे नाही. प्रस्थानाच्या तीन महिने आधीपासून अंतर हळूहळू वाढवावे. एका आठवड्यातील वाढ आधीच्या आठवड्याच्या साधारण दहा टक्क्यांपलीकडे नेऊ नये. शेवटच्या महिन्यात दोन-तीन वेळा सलग दोन दिवस पंधरा ते अठरा किलोमीटर चालून पाहावे. एका दिवसाची लांब चाल हौसेवरही निभावते. आपण खरोखर तयार आहोत की नाही, ते दुसऱ्या सकाळी पाय जमिनीला टेकताना कळते.

गाडीत बसण्याचा निर्णय

ज्येष्ठांच्या मनात सर्वांत मोठा अडसर असतो तो गाडीत बसण्याचा. सामानाच्या ट्रकमध्ये बसून एखादा टप्पा पार केला, तर वारी मोडली असे त्यांना वाटते. या भावनेपोटी ताप अंगावर काढला जातो, गुडघ्याची सूज लपवली जाते, मुलांना दूरध्वनीवर सारे ठीक असल्याचे सांगितले जाते. दिंडीतील सहकाऱ्यांनी आणि घरच्यांनी हा संकोच ओळखला पाहिजे. ‘दमलात का’ असे विचारल्यावर कोणीही ‘नाही’ म्हणतो. ‘माउली, आज घाट गाडीने, उद्या बरोबर चालू’ असे सांगितले, तर माणूस ऐकतो.

शक्तीचा हिशेब वाखरीला संपत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पंढरपुरात एकादशीची गर्दी, चंद्रभागेचे स्नान आणि दर्शनाच्या रांगेत कित्येक तास उभे राहणे पुढे असते. वाटेतील प्रत्येक टप्पा पायी पुरा करून येथे अंथरुणाला खिळणाऱ्या माणसाने आपली शक्ती चुकीच्या ठिकाणी खर्च केलेली असते. रांग झेपत नसेल, तर नामदेव पायरीशी माथा टेकवून आणि कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानणाऱ्या वारकऱ्यांची परंपरा जुनीच आहे.

वारी या शब्दातच येरझार आहे, पुन्हा पुन्हा जाणे आहे. एकदाच केलेल्या प्रवासाला यात्रा म्हणता येईल. नेमाने घडते ती वारी. म्हणून वयस्कर वारकऱ्याच्या चालीची कसोटी पंढरपूर किती लवकर गाठले किंवा किती किलोमीटर पायी झाले ही नव्हे. पौर्णिमेला गोपाळकाला घेऊन घरी परतल्यावर पुढच्या ज्येष्ठात पुन्हा निघण्याजोगे पाय शिल्लक राहिले, तर ती चाल बरोबर होती.