दुकानाचा विमा आहे. पण गिऱ्हाइकाला इजा झाली तर?

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या लोणार तालुक्यातील सोमठाणा गावाचे नाव देशभर गाजले. सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या आणि रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून, त्यांना सलाईन लटकवून उपचार करावे लागले. तो गावाचा कार्यक्रम होता, कुणाचा धंदा नव्हता. पण तेच जेवण एखाद्या केटरिंगवाल्या तरुणाने पैसे घेऊन दिले असते तर? दवाखान्याचा खर्च आणि नुकसानभरपाई त्याच्यावर आली असती, तर ती त्याने कुठून भरली असती?

हा प्रश्न आता आपल्या घरातला आहे. सरोवर पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर लोणारात चहा-नाश्त्याच्या गाड्या, हॉटेल, लॉज चालतात. मंडप, साउंड, केटरिंग, वेल्डिंग अशा धंद्यांत आपली मुले-मुली मुद्रा किंवा महात्मा फुले महामंडळाचे कर्ज घेऊन उतरत आहेत. बहुतेकांची धंद्यातली ही पहिलीच पिढी. पाठीशी ना मोठी शेती, ना वडिलोपार्जित पेढी. अशा घराला एक अपघात दहा वर्षे मागे नेऊ शकतो.

बँकेने काढायला लावलेला विमा कशाचा?

"आमचा विमा आहे," असे अनेक तरुण आम्हाला सांगतात. पॉलिसीचा कागद पाहिला, की तो बहुधा आगीचा आणि मालाचा निघतो. सूक्ष्म उद्योगांसाठी 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. ती इमारत, यंत्रे आणि माल यांच्यासाठी आहे. आग लागली, पूर आला, तर आपले नुकसान त्यातून भरून निघते. बँकेचे कर्जही सुरक्षित राहते. पण आपल्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा तिच्यात येत नाही.

त्यासाठी वेगळा विमा लागतो. त्याला सार्वजनिक दायित्व विमा म्हणतात. ओल्या फरशीवर पाय घसरून गिऱ्हाइकाचे हाड मोडले, मंडपाचा खांब कुणाच्या डोक्यात पडला, वेल्डिंगच्या ठिणगीने शेजारच्या दुकानाने पेट घेतला, अशा वेळी कायद्याने आपल्यावर येणारी भरपाई विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. कंपनीच्या संमतीने केलेला वकिलाचा खर्चही सहसा त्यात धरतात. अनेक कंपन्यांच्या 'शॉपकीपर्स' पॉलिसीत हा एक भाग म्हणून मिळतो; मात्र तो निवडावा लागतो.

भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. पण त्याची सक्ती घातक रसायने हाताळणाऱ्यांवर आहे. चहाच्या टपरीला किंवा मंडपवाल्याला ती नाही. सक्ती नाही म्हणून जबाबदारी नाही, असे मात्र नाही. जखमी माणूस ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. धंदा एकट्या मालकाच्या नावावर असेल, तर कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक एकच. मग वसुली गल्ल्यापुरती थांबत नाही. घरातल्या बचतीपर्यंत जाते.

पॉलिसी घेताना काय विचाराल?

1. मर्यादा किती? एका अपघाताची आणि पूर्ण वर्षाची मर्यादा वेगळी असते. अपघाताची मर्यादा 5 लाख आहे आणि भरपाई 7 लाख ठरली, तर वरचे 2 लाख आपल्या खिशातून जातील.
2. सुरुवातीची किती रक्कम आपण भरायची?
3. अन्नातून झालेली विषबाधा धरली आहे का? अनेकदा ती जादा हप्ता भरून जोडावी लागते. केटरिंगवाल्यांनी हे लिहूनच घ्यावे.
4. काम दुकानाबाहेर, गावोगावी असेल तर ते ठिकाणही धरले आहे का?
5. दावा कोणत्या मुदतीत यायला हवा? काही पॉलिसींत अपघात आणि दावा दोन्ही मुदतीत असावे लागतात. म्हणून नूतनीकरणात खंड पडू देऊ नका.

आपल्या कामगाराला झालेली इजा यात येत नाही. त्यासाठी कामगार भरपाईचा विमा वेगळा. वाहनाचा अपघात वाहनाच्या विम्यात. मुद्दाम केलेले नुकसान कशातच नाही. घरगुती सिलिंडरवर हॉटेल चालवणे बेकायदेशीर आहे आणि दावा नाकारायला कंपनीला तेवढे कारण पुरते. अन्न परवाना, विजेची नीट जोडणी, पावत्या हे सारे आधी हवे.

दावा अडकला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर एकल मालक आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही.

जयंती समित्यांनीही लक्ष द्यावे

मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने 2025 च्या गणेशोत्सवासाठी 474 कोटींहून अधिक रकमेचा विमा उतरवला होता. त्यात सार्वजनिक दायित्वही होते. आपल्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीला तेवढा आकडा लागत नाही. पण उंच रथ, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, जनरेटर आणि भोजनदानाची पंगत आपल्याकडेही असते. समितीने वर्गणीतून कार्यक्रमापुरता विमा घ्यावा. मंडप-साउंडचे काम देताना "तुमचा दायित्व विमा आहे का?" हेही विचारावे. मिरवणुकीत जखमी होणारा बहुधा आपल्याच वस्तीतला मजूर किंवा विद्यार्थी असतो. भरपाई त्याच्याच घरी जायची आहे.

बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली होती. संकटाचा भार एकट्या गरिबाच्या घरावर पडू नये, हा त्यामागचा विचार आम्हाला दिसतो. सम्यक आजीविका म्हणजे आपल्या धंद्याने कुणाला इजा होऊ नये, आणि झालीच तर त्याची भरपाई करण्याची तयारी असावी. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या वस्तीतल्या पाच धंदेवाल्यांच्या पॉलिसी एकत्र बसून वाचा.

जय भीम!