विद्युत फोर्कलिफ्टचा हॉर्न : बदल आणि सुरक्षितता

डिझेलवरील फोर्कलिफ्टची चाहूल दुरूनच लागते. बॅटरीवरील फोर्कलिफ्ट व पॅलेट ट्रक मात्र जवळजवळ निःशब्द येतात. त्यामुळे गोदामातील रॅकआडून वळणाऱ्या वाहनाची सूचना पादचाऱ्यास मुख्यतः हॉर्ननेच मिळते. प्रस्तुत लेखात हा हॉर्न बदलताना घ्यावयाच्या काळजीचा विचार केला आहे.

अमेरिकेतील १९१०.१७८ या सुरक्षा नियमानुसार छेदमार्गांवर व दृष्टी अडते अशा ठिकाणी वेग कमी करून हॉर्न वाजवणे चालकावर बंधनकारक आहे. बदललेला भाग सुरक्षिततेच्या दृष्टीने मूळ भागाशी समतुल्य असावा, असेही हा नियम सांगतो.

समतुल्यतेची पहिली कसोटी व्होल्टेजची होय. या वाहनांच्या बॅटऱ्या २४, ३६, ४८ किंवा ८० व्होल्टच्या असतात. काहींत मात्र परिवर्तकाद्वारे हॉर्नला १२ व्होल्टच मिळतात. म्हणून हॉर्नच्या जोडणीवरच व्होल्टेज मोजावे लागते. मोटारीचा १२ व्होल्टचा हॉर्न ४८ व्होल्टवर जोडल्यास, रोध तोच राहिला असता, शक्तिव्यय सोळापट होऊन वेटोळे जळते.

दुसरी कसोटी जोडणीची. मोटारीत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. विद्युत फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी सामान्यतः सांगाड्यापासून विलग ठेवतात. त्यामुळे दोन स्वतंत्र टोकांचा हॉर्न आवश्यक ठरतो.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची जोडणी काढावी आणि नंतर कामाच्या नेहमीच्या गोंगाटात हॉर्न ऐकू येतो का, हे तपासावे. सारांश, हॉर्न हा किरकोळ सुटा भाग वाटला, तरी त्याच्या निवडीवर पादचाऱ्याचा जीव अवलंबून असतो.