सरावात पडलेल्यांचा क्रूस

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या डोंगराळ मुलखात बकडेन नावाचं लहान गाव आहे. गावामागच्या ७०२ मीटर उंच डोंगराचं नाव बकडेन पाइक. तिथे दगडी बांधालगत एक पांढरा क्रूस उभा आहे. पायथ्याच्या काँक्रीटमध्ये मोडक्या विमानाचे तुकडे बसवले आहेत आणि एका कोल्ह्याचं छोटं धातूचं मुंडकंही.

३० जानेवारी १९४२ रोजी ब्रॅमकोट तळावरून एक वेलिंग्टन बॉम्बर सरावाला निघालं. आत सहा पोलिश तरुण होते. १९३९ साली पोलंड पडल्यावर तिथले हजारो वैमानिक रुमानिया आणि फ्रान्समार्गे ब्रिटनला पोचले होते. त्यांच्यातले नवखे ब्रॅमकोटला तयार होत.

बार्न्स वॉलिस यांच्या कल्पनेतून उतरलेल्या वेलिंग्टनचा सांगाडा बुरुडाच्या टोपलीसारखा आडव्यातिडव्या पट्ट्यांनी विणलेला असे. पट्ट्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या आणि वरून ताणून बसवलेलं, रोगण दिलेलं कापड. जागोजागी गोळ्या लागल्या तरी विमान एकसंध राहायचं. अशी साडेअकरा हजारांच्या आसपास विमानं बनली. लढाईत झिजलेली बरीच विमानं पुढे शिकाऊंच्या वाट्याला येत. ढगांत वाट चुकली तर आधार होता नकाशाचा, घड्याळाचा आणि रेडिओचा. ब्रिटिश बॉम्बर दलाचे ५५ हजारांवर लोक युद्धात गेले, त्यांतले सुमारे आठ हजार सरावात आणि अपघातांत. ही माणसं शत्रूचं तोंडही न बघता गेली, म्हणून त्यांचा पराक्रम कुणी सांगत नाही. मला हा अन्याय वाटतो.

त्या दिवशी हिमवादळात विमान डोंगरावर आदळलं. शेपटीकडचा तोफची जोझेफ फुस्निआक घोटा मोडूनही वाचला. आणखी एक साथीदार जिवंत होता. त्याला पॅराशूटच्या कापडात गुंडाळून फुस्निआक मदत शोधायला निघाला. चालता येत नव्हतं, पुढचं दिसत नव्हतं. बर्फात कोल्ह्याचे ताजे ठसे दिसले. अशा हवेत कोल्हा अन्नासाठी वस्तीकडेच जाणार, असा त्यानं हिशेब केला आणि त्या मागावर घसरत, सरपटत क्रे या वाडीतल्या खानावळीपर्यंत पोचला. वादळामुळे मदत वर वेळेवर जाऊ शकली नाही. पाचही साथीदार गेले.

१९७३ साली फुस्निआकनं तिथे क्रूस उभारला. कोल्हा त्याच्याच आठवणीतला.

उंब्रजच्या वाचकाला हे पोलिश परके वाटायला नकोत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. यांतल्या अनेकींचे नवरे आणि भाऊ पोलिश फौजांत होते. छातीचे आजारी पाचगणीच्या हवेत ठेवले जात. वळिवड्याहून पाचगणीला रस्त्यानं जायचं तर कराड, उंब्रज, सातारा हीच वाट. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या वस्तीचं स्मारक आहे.

फुस्निआक परत आला आणि साथीदारांना दगडात जागा मिळाली. आपल्या मुलखाचं मला दुःख वाटतं ते इथे. पहिल्या महायुद्धात सातारा-सांगलीकडचे जवान मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात लढले. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या नावातच त्या काळाची खूण आहे. ज्यांच्या कबरी नाहीत अशांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगानं २०२१ साली असा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली.

नावं मात्र पुसली गेलेली नाहीत. त्या युद्धात मेलेल्याच्या वारसाला सरकारनं काशाची एक गोल तबकडी दिली होती. तिच्यावर हुद्दा नसायचा, फक्त नाव असायचं. सातारा-सांगलीच्या एखाद्या घरात माळ्यावरच्या पेटीत ती सापडली, तर मोडीत घालू नका. त्यावरचं नाव आणि कुणाचा कोण लागतो, ते आधी लिहून ठेवा आणि गावाच्या शाळेत द्या.