आंबडव्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. पण घटनेच्या कितीतरी आधी हा माणूस अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता, हे किती घरांत सांगितले जाते?

नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले. आधी विद्यार्थ्यांनी फारसे मनावर घेतले नाही. पुढे दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतले पाणी त्यांनी घेण्यास मात्र काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. शिकलेल्यांची ही गत! पगारातून पैसे साठवून आणि शाहू महाराजांच्या मदतीने १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

त्यांच्या संशोधनाचा विषय सार्वजनिक पैसा. केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या महसुलाच्या वाटणीवर त्यांनी कोलंबिया विद्यापीठासाठी ग्रंथ लिहिला. पण आपल्या घरांशी जास्त संबंध आहे तो १९२३ च्या रुपयावरील ग्रंथाचा.

आखातात कमावता मुलगा असलेल्या म्हाप्रळ-बाणकोटच्या घरांत दिरहमचा भाव आवर्जून विचारला जातो. रुपया घसरला की हातात जास्त रुपये पडतात. आपण खूश होतो. त्या काळी निर्यात करणारेही असेच म्हणत : रुपया स्वस्त ठेवा, देशाचा फायदा होईल. आंबेडकरांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? रुपया स्वस्त झाला की वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र मागे राहते. म्हणजे तो फायदा परक्याच्या खिशातून नव्हे, आपल्याच मजुराच्या ताटातून निघतो. ज्या शेजाऱ्याकडे परदेशातून काहीच येत नाही, त्याला तेल-डाळ महाग पडते ती अशी. म्हणून सरकारला हवे तितके रुपये पाडण्याची मोकळीक नसावी, असे त्यांचे म्हणणे होते. लंडनच्या प्रा. कॅनन यांनी या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यातच आपला मतभेदही नोंदवला. असे गुरू सर्वांना लाभोत!

हे विचार वर्गात राहिले नाहीत. चलनावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरीत खोत हिंदू होते तसे मुसलमानही होते. आपल्या काही घरांच्या जुन्या कागदांत तो शब्द अजून सापडेल. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.