छापील आकडा आणि चालकाचा पगार

गाडीचा मालक छापील आकड्यावरून पेट्रोलचा हिशेब मागतो आणि तूट चालकाच्या पगारातून कापतो, ही तक्रार आम्ही कामगार-चळवळीत पुष्कळदा ऐकली आहे. म्हणून रिठदच्या श्रोत्यांपुढे हा हिशेब मांडतो.

चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्या. गाडी छोटी, पण चपळ. इंजिन १.२ लिटरचे, शक्ती १०५ अश्वशक्ती, टाकी ४५ लिटरची. छापील आकडा लिटरला १७.२ किलोमीटर, म्हणजे टाकीभर पेट्रोलात ७७४ किलोमीटर.

परंतु ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगांनी होते. रस्त्यावर वेग ताशी ८० वरून १२० झाला, की हवेचा अडथळा सव्वादोनपट होतो. पाय दाबला, की टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि तिच्या जोडीला पेट्रोलही जादा लागते. लिटरला १२ किलोमीटरच पडले, तर पल्ला ५४० वर येतो. यात चोरी कुठे आली?

तेव्हा मालकाने शेजारी बसावे, टाकी भरावी, नेहमीच्या रस्त्याने जाऊन किलोमीटर टिपावेत; पुन्हा टाकी भरून जितके लिटर लागले तितक्यांनी भागावे. हिशेब मागायचा तो याच आकड्यावर.