बंद फटफटी पुन्हा सुरू करताना

आमच्या गोठ्यात दहा वर्षे एक फटफटी उभी होती. तिच्या सीटवर कोंबड्या बसत. ती आमच्या थोरल्या भावाची. दादा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. रात्री-अपरात्री कुणाची गाय अडली, की दादा किक मारून निघत. गाडीचा आवाज ऐकला, की वाडीवरची माणसे म्हणत, "आला डॉक्टर!" २०१२ साली दादा वारले. तेव्हापासून गाडी जागची हलली नाही.

२०२२ च्या जूनमध्ये भंगारवाला दारात आला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, दिवाळीपर्यंत सुरू झाली तर ठेवू. नाहीतर देऊन टाकू. नुसती बघून जीव कष्टी होतो."

आम्ही होय म्हटले खरे. पण आम्ही पडलो शाळामास्तर. जन्मभर हातात खडू धरला, पाना कधी धरला नाही. त्या पाच महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते येथे सांगतो. तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी पडून असेल, तर उपयोगी पडेल.

ही गाडी कोणती?

ही बुलेट, ३५० ची. मूळ गाडी इंग्लंडातल्या रेडिच गावची. आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला दणकट गाड्या हव्या होत्या. म्हणून १९५५ साली मद्रासच्या एका कंपनीने इंग्रज कंपनीशी भागीदारी केली. पुढे ही गाडी मद्रासजवळ तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात बनू लागली. इंग्लंडातला धंदा १९७० च्या सुमारास बंद पडला. आपल्याकडे मात्र गाडी बनतच राहिली. दादांची गाडी १९७६ सालची.

इंजिन कसे चालते?

रंगपंचमीची पिचकारी आठवा. नळीत दट्ट्या वरखाली होतो. इंजिनातही तसेच आहे. नळीला सिलिंडर म्हणतात. दट्ट्याला पिस्टन म्हणतात. या गाडीच्या नळीची रुंदी ७० मिलिमीटर. पिस्टन ९० मिलिमीटर वरखाली होतो.

पिस्टन चार फेऱ्यांत एक काम पुरे करतो. पहिल्या फेरीत खाली जातो आणि हवा-पेट्रोल आत ओढतो. दुसरीत वर येतो आणि ते दाबतो. मग ठिणगी पडते, आत भडका होतो, आणि तिसऱ्या फेरीत पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. गाडीला ओढ मिळते ती याच फेरीत. चौथ्या फेरीत पिस्टन वर येतो आणि धूर बाहेर घालवतो.

म्हणजे इंजिनाला चार गोष्टी लागतात. हवा-पेट्रोल बेताचे हवे. दाब चांगला हवा. ठिणगी हवी. आणि ती ठिणगी वेळेवर हवी. इंजिन सुरू होत नसेल, तर या चारांपैकी एक तरी गोष्ट बिघडलेली असते. पाचवी गोष्ट तेलाची. तेल नसेल तर इंजिन सुरू होईल, पण लवकरच आतून खरडून निघेल.

गाडी खोलताना

आमच्या गाडीची किक खालीच जाईना. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. अशा वेळी किकवर उड्या मारू नयेत. हातोडा तर मुळीच घालू नये. प्लग काढावा. त्या भोकातून थोडे पातळ तेल आत सोडावे आणि वाट पाहावी. आम्ही रोज तेल सोडले. सहाव्या दिवशी पिस्टन सुटला.

मग गाडी खोलायला घेतली. खोलणे सोपे, बांधणे अवघड. म्हणून एक गोष्ट करावी. जे काढाल ते वेगळ्या डब्यात ठेवावे आणि डब्यावर नाव लिहावे. हे काम आम्ही वहिनींवर सोपवले. वहिनी सत्तरीच्या. आदल्याच वर्षी साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकल्या होत्या. "कार्बोरेटर" हा शब्द त्यांनी तीनदा खोडून लिहिला. पण एकवीस डब्यांवर नावे घातली. बांधताना त्यातला एकही नट जास्त उरला नाही, की कमी पडला नाही.

सुटे भाग रॉकेलने धुवावेत. हे काम उघड्यावर करावे. जवळपास चूल, दिवा, विडी काही नको. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, त्याचा चीक झालेला असतो. पेट्रोलची रबरी नळी नवी घालावी. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते ओल धरते आणि जुने रबर खराब करते. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकीत व कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नये.

घरी काय करावे आणि काय करू नये, हेही कळले पाहिजे. सिलिंडर आतून झिजला असेल, तर तो लेथवाल्याकडे न्यावा. तो सिलिंडर किंचित मोठा करून कापतो. मग त्यात तेवढ्याच मापाचा मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा घालतात. हे माप केसाएवढेही चुकून चालत नाही. ते काम घरच्या कानशीने होत नाही. धुणे, पुसणे, पॅकिंग बदलणे, माप लावणे ही कामे घरी होतात.

ट्यूनिंग म्हणजे काय?

भजनाच्या आधी मृदंग लावून घेतात. तसेच इंजिनही लावून घ्यावे लागते. याला ट्यूनिंग म्हणतात. त्याचा क्रम ठरलेला आहे.

पहिले काम टॅपेटचे. इंजिन थंड असावे. पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणावा. मग टॅपेटची दांडी दोन बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

दुसरे काम पॉइंटचे. पॉइंट म्हणजे दोन छोटी तोंडे. ती उघडली, की प्लगमध्ये ठिणगी पडते. ती साफ करावीत. पुरती उघडली असताना त्यांच्यामधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. ही फट फीलर गेजने मोजतात. फीलर गेज म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. प्रत्येक पट्टीवर तिची जाडी बारीक आकड्यांत लिहिलेली असते. डोळ्याने अंदाज करू नये. आकडा वाचावा.

तिसरे काम टायमिंगचे, म्हणजे ठिणगीच्या वेळेचे. पिस्टन अगदी वर पोचायला ०.८ मिलिमीटर उरले असताना पॉइंट उघडू लागले पाहिजेत. उघडले हे कसे कळते? पॉइंटमध्ये पातळ कागद अडकवावा. कागद ओढला आणि सैल निघाला, की पॉइंट उघडले. वेळ चुकत असेल, तर पॉइंटची बैठक किंचित फिरवून ती जमवावी.

येथे एक लक्षात ठेवा. पॉइंटची फट बदलली, की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून आधी फट आणि मग वेळ. उलट केले, तर पहिली मेहनत वाया जाते.

शेवटचे काम कार्बोरेटरचे. ते इंजिन गरम झाल्यावर करावे. हवेचा स्क्रू आत फिरवला, की मिश्रणात पेट्रोल जास्त होते. बाहेर फिरवला, की हवा जास्त होते. जेथे इंजिन एकसारखे चालेल, तेथे थांबावे. प्लग काढून पाहिला, की आतले कळते. रंग तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर हवा जास्त.

आमची चूक

सप्टेंबरात गाडी बांधून झाली. तेल भरले. ते वरपर्यंत चढते की नाही, हे नळीचा नट सैल करून पाहिले. आणि किक मारली. गाडी सुरू झाली! पण नीट चालेना. मध्येच भडके, मध्येच मरे. सायलेन्सरमधून फटाक्यासारखे बार निघत.

आम्हाला घाई झाली. एका संध्याकाळी आम्ही कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला. लगेच पॉइंटची फट बदलली. लगेच टायमिंगही हलवले. मग किक मारली, तर किकच उलटी आली आणि नडगीवर बसली. ठिणगी फार लवकर पडली होती. पिस्टन वर येण्याआधीच भडका झाला आणि त्याने पिस्टनला मागे लोटले. पंधरा दिवस आम्ही लंगडत होतो.

त्याहून वाईट दुसरेच होते. तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. आता कोणत्या गोष्टीने काय झाले, हे आमचे आम्हालाच कळेना. शाळेत गणिताच्या मुलाला आम्हीच सांगत आलो होतो, "एकेक पायरी लिही." आणि आम्हीच पायऱ्या गाळल्या.

वहिनींनी एक वही आणली. म्हणाल्या, "तुमचे हात तेलाचे. तुम्ही सांगा, मी लिहिते." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टॅपेट, पॉइंट, टायमिंग. सर्व मापे वहीत आली. उलटी किक थांबली. बार मात्र थांबले नाहीत. मग कार्बोरेटर. एका वेळी एकच बदल करायचा आणि काय झाले ते लिहायचे. वहिनी बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. "स्क्रू अर्धा फेरा आत. फरक नाही. स्क्रू एक फेरा बाहेर. फरक नाही. प्लग पांढरा."

वाचता वाचता त्या थांबल्या. म्हणाल्या, "भावजी, स्क्रू फिरवून फरकच पडत नसंल, तर हवा तिथनंच जाते कशावरनं?"

आम्ही पाना खाली ठेवला. खरेच होते. प्लग पांढरा, म्हणजे हवा जास्त. स्क्रूने फरक पडत नाही, म्हणजे ही जास्तीची हवा दुसऱ्याच वाटेने येत होती. कार्बोरेटर जेथे इंजिनाला जोडतात, तो सांधा खोलला. आतले पॅकिंग एका कोपऱ्याला फाटले होते. नवे पॅकिंग घातले. स्क्रू पुन्हा लावून घेतला. दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली आणि ठेक्यात चालू लागली. दिवाळीला अकरा दिवस होते.

वहिनी ओट्यावर बसून ऐकत राहिल्या. आम्ही गाडी बंद करायला गेलो, तर म्हणाल्या, "राहू द्या जरा वेळ."

गाडी रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन सुरू झाले म्हणजे सर्व झाले असे नाही. ब्रेक आधी पाहावेत. ब्रेकचे जुने लायनर, तारा आणि टायर बदलून घ्यावेत. दहा वर्षे उभ्या राहिलेल्या टायरवर भरवसा ठेवू नये, मग तो वरून कितीही चांगला दिसो.

कागदही तितकेच महत्त्वाचे. घरच्या वापराच्या गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते. पुढे परिवहन कार्यालयात गाडी दाखवून नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. मालक वारला असेल, तर गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. विमा आणि धुराच्या तपासणीचा दाखलाही हवा. आमची गाडी आता वहिनींच्या नावावर आहे. अर्जावर सही त्यांनी स्वतः केली. अंगठा उठवला नाही.

थोडक्यात, चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जे खोलाल त्याची नोंद ठेवा. माप अंदाजाने घेऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि जे केले ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

ती वही अजून आमच्या फडताळात आहे. पाने तेलकट झाली आहेत. दर सहा महिन्यांनी टॅपेट आणि पॉइंट तपासतो, तेव्हा ती काढतो. आम्ही माप सांगतो आणि वहिनी लिहितात.